उलटी वही

पहाटे पावणेसहा

सप्टेंबर सरता सरता बुलढाण्यात पहाटे गोधडी ओढावीशी वाटते. त्याच वेळी खाली मलकापूर-नांदुऱ्यात पंख्याशिवाय झोप लागत नाही. आमच्या जिल्ह्यात माणूस आधी घाटावरचा किंवा घाटाखालचा असतो, तालुका नंतर. हवा वेगळी, बोली वेगळी, पाणी वेगळं. वॉर्डात येणारी दुखणीसुद्धा थोडी वेगळीच.

उशाशी फोन वाजतो. रात्रपाळीचे डॉक्टर. घाटाखालून, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून बाळ आलंय. चार दिवसांचं. अंग गार. मी दोनच प्रश्न विचारते. वजन किती? आणि दूध कधीपासून ओढत नाही?

"अठराशे पन्नास ग्रॅम, मॅडम. दूध कालपासून बंद आहे म्हणतात."

पहिलं उत्तर काट्याने दिलंय, त्यावर भरवसा ठेवता येतो. दुसरं उत्तर मी पंधरा वर्षं ऐकतेय. 'कालपासून' म्हणजे सहा तासही असतात आणि तीस तासही. बाळाला ऊब द्या, साखर तपासा, मी निघाले, असं सांगून मी चप्पल शोधते. उरलेल्या दिवसाचं निम्मं काम म्हणजे या 'कालपासून'ची फोड करणं.

(मी ज्या रुग्णालयात काम करते त्याचं नाव इथे देत नाही. बाळांची, आयांची, गावांचीही नाही. ती माणसं माझ्याशी बोलली ती डॉक्टरशी म्हणून, मासिकाशी म्हणून नव्हे.)

सव्वासहा

पाटीवर 'विशेष नवजात काळजी कक्ष' असं आहे. आम्ही म्हणतो एसएनसीयू. बाहेरच्या बाकावरची माणसं म्हणतात, 'पेटीत ठेवलंय.' आत पाऊल टाकलं की मी आधी बाळांकडे बघत नाही. भिंतीवरच्या प्रत्येक प्लगवर तळहात ठेवते. कोमट लागला की इलेक्ट्रिशियनला फोन. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात अशाच एका कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. तेव्हापासूनची ही सवय. सिस्टर हसतात, म्हणतात, मॅडम भिंतीला ताप आहे का बघतात.

मग हात धुणं. कोपरापर्यंत, अंगठी-घड्याळ काढून, घाई न करता. मग वजनं.

वजन करण्याचे आमचे काही हट्ट आहेत. काटा तोच. वेळ तीच. आधी काट्यावर एक किलोचं माप ठेवून तो खरं बोलतोय का बघायचं, मग बाळ उघडं करून ठेवायचं. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं, दिवस भरलेल्याचं दहा टक्क्यांपर्यंत, आधी जन्मलेल्याचं त्याहून जास्त. त्यानंतर ते चढायला हवं. तीन नंबरच्या वॉर्मरवरचं बाळ काल अकराशे चाळीस होतं, आज अकराशे साठ आहे. वीस ग्रॅम. बाहेर जाऊन त्याच्या आईला सांगितलं तर ती विचारते, "म्हणजे किती?" मी म्हणते, चार चमचे साखर. ती डोळे पुसते.

इथे कुणालाच नाव नसतं. हाताला पट्टी असते आणि तिच्यावर आईचं नाव: अमकीचं बाळ. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलाच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी आलं. आमच्या पट्टीवर ते आधीपासूनच होतं, अर्थात समतेच्या विचाराने नव्हे, सोयीने.

दूध पाजायला आम्ही बोंडलं वापरतो. पूर्वी पाळण्याबरोबर माहेरून चांदीचं यायचं आणि आता जे शोकेसमध्ये पडून असतं तेच, स्टीलचं. रोज उकळून घेतलेलं. ज्या बाळाला ओढण्याची ताकद नाही पण गिळता येतं, त्याला बाटलीपेक्षा बोंडलं शंभर पटींनी बरं.

गार आलेलं बाळ आता वॉर्मरखाली आहे. तापमान आलं तेव्हा ३४.६ होतं, हवं ३६.५ च्या वर. साखर कमी होती, ती दिली. अँटिबायोटिक सुरू झालंय. कार्डावर जन्माचं वजन दोन किलो शंभर. म्हणजे चार दिवसांत अडीचशे ग्रॅम गेले, एक-अष्टमांश बाळ. बाकावर आई, आजी आणि त्यांच्या शेजारी गावच्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताई, कालच्याच साडीवर. आई बोलायच्या स्थितीत नाही. मी आशाताईला विचारते, तुम्हाला कधी कळलं? "दोन वाजता. शेजारची बाई उठवायला आली. पोटाला हात लावला तं गार. पायही गार. तसाच फोन केला."

मी एवढंच टिपून घेते. बाकीचं संध्याकाळी.

साडेआठ

घर. चहा, रात्रीची भाकर दुधात. सासूबाई विचारतात, किती आलीत आज? हा आमच्या घरचा 'सुप्रभात'.

नऊ

ओपीडी. आता हवेत उकाडा आणि दमट, मध्येच एखादी सर. भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेला पावसाचं भाकीत करते. वॉर्डाचं भाकीत करायला मला घट लागत नाहीत. दोन आठवडे उघडझाप झाली की डेंग्यू, पाण्याच्या टाकीत गढूळ आलं की जुलाब, कपाशीवर फवारणी चालू असली की शेतातल्या बाटलीतून काहीतरी प्यायलेलं एखादं तीन वर्षांचं पोर. आज ते नाही. आज खोकला आहे.

रांगेत शंभरावर लेकरं आणि हातात चार तास. एकाला अडीच मिनिटं येतात, त्यातलं एक अख्खं मिनिट मी श्वास मोजण्यात घालवते. बाहेरचे चुळबुळतात. डॉक्टर नुसत्या घड्याळाकडे बघत बसल्या! पण न्यूमोनिया ओळखायची एवढी स्वस्त युक्ती दुसरी नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस. शिवाय श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का ते बघायचं. त्याला आमच्याकडे 'डबा' म्हणतात. "पोटात डबा झालाय" असं आजीने म्हटलं की मी स्टेथोस्कोपच्या आधी तिच्यावर विश्वास ठेवते. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही, आज्यांनी शिकवलं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत हेच काम खेड्यातल्या कमी शिकलेल्या माणसांच्या हाती दिलं. ज्यांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी एक साधन केलं होतं, मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी, दर दहा श्वासांना एक. गावातच न्यूमोनिया ओळखून औषध दिल्याने बालमृत्यू घटतात हे त्यांनी १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. ते मणी मी माझ्या विद्यार्थी परिचारिकांना फळ्यावर काढून दाखवते. यंत्र बिघडलं म्हणून निदान अडलं, असं मग कुणी म्हणत नाही.

दुपारी एक

पोषण पुनर्वसन केंद्र, खालच्या मजल्यावर. रंगीत भिंती, कोपऱ्यात खेळणी, पण खेळण्यांना कुणी हात लावत नाही. अतितीव्र कुपोषित मूल खेळत नाही. ते ज्या दिवशी चेंडूकडे बघतं त्या दिवशी आम्ही कार्डावर खूण करतो.

आज एक चौदा महिन्यांची मुलगी, पाच किलो नऊशे. दंडाला पट्टी गुंडाळली तर दहा पॉइंट नऊ सेंटिमीटर. साडेअकराच्या खाली लाल रंग लागतो. पूर्वीच्या बायका 'मुडदूस' म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. अशा मुलाला बघून प्रत्येकाच्या मनात एकच येतं, पोटभर खाऊ घाला. नेमकं तेच करायचं नाही. उपासाला सरावलेल्या शरीरात एकदम अन्न ओतलं तर त्यातले क्षार उलटेपालटे होतात आणि हृदय थांबू शकतं. म्हणून पहिले काही दिवस एफ-७५ नावाचं पातळ दूध, शंभर मिलिलिटरला फक्त पंच्याहत्तर किलोकॅलरी, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. भूक परत आली की मग एफ-१००, मग घरचं. रात्री दोनचं दूध द्यायला आई उठली पाहिजे आणि आईला उठवायला सिस्टर. औषध म्हणावं असं यात फारसं काही नाही, गजर लावायचा आणि उठायचं.

शेजारच्या खाटेवर दीड वर्षाचा मुलगा, पाय सुजलेले, केस पिंगट. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरने हा आजार १९३३ मध्ये लिहून ठेवला, तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात. तिने तिथल्या आयांना विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? त्या म्हणाल्या, क्वाशिऑर्कर. गा भाषेत त्याचा अर्थ, पुढचं बाळ आल्यावर मागच्याला होणारं दुखणं. या मुलाची आई सात महिन्यांची गरोदर आहे. घाना कुठे, मेहकर-लोणार कुठे. पण त्या एका शब्दात निदानही आहे, कारणही आहे आणि आईचं अंगावरून तुटलेलं दूधही आहे. डॉक्टरने स्वतःचं लॅटिन नाव न देता आयांचा शब्द ठेवला, याबद्दल मला तिचा फार आदर वाटतो.

मुलीची आई माझा पदर धरल्यासारखी मागे मागे येते. "बाई, सुट्टी द्या. सोंगणी लागली."

सोयाबीन वाळलंय. आठ-दहा दिवसांत कापलं नाही तर शेंगा तडकतात, आणि वर पाऊस आला तर सगळंच गेलं. मजुरीचे दर वर्षभरात याच दिवसांत चढतात. केंद्रात चौदा दिवस राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते, पण तिचा हिशोब नुसत्या रुपयांचा नाही. सोंगणीला गेली नाही तर पुढच्या कामाला तिची टोळी तिला बोलावणार नाही. पूर्वी मी अशा बाईवर रागवायचे. पोरीपेक्षा सोयाबीन मोठं का? नंतर एकदा जुनी कार्डं काढून बसले. मुलं केंद्रातून मध्येच कधी जातात तेवढीच तारीख लिहीत गेले. तारखा विखुरलेल्या नव्हत्या. सोंगणी, कपाशीची वेचणी, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयते निघतात ते दिवस. बाकी वर्षभर आया चौदा दिवस नीट राहत होत्या.

मग आम्ही एवढंच केलं की जमेल तिथे आजीला किंवा मावशीला आईच्या जागी राहू द्यायला लागलो. आज आजी संध्याकाळच्या एसटीने येतेय. आई थांबायला तयार झाली, तोवर.

पावणेदोन

डबा उघडते तो कागद पुढे येतात. माझ्या मते बालकल्याणाचं खरं काम या अर्ध्या तासात असतं आणि ते सगळ्यात कमी आवडीचं असतं.

प्रसूती विभागातल्या एका आईचं वय सोबतची माणसं एकोणीस सांगतात. आधारकार्ड घरी राहिलंय. चेहरा सोळाचा. अठराच्या आतली मुलगी गरोदर असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं मला बंधनकारक आहे, त्यात माझी मर्जी चालत नाही, आणि चालू नयेच. पण गावाला हे ठाऊक झालंय. परिणाम असा की आम्हाला सांगितल्या जाणाऱ्या वयात सतरा हा आकडा जवळजवळ नाहीच. सगळ्या एकोणीस वर्षांच्या. काही तर दवाखान्याचं तोंडच बघत नाहीत, तपासणीशिवाय महिने काढतात आणि मग सातव्या महिन्यातलं किलोभराचं बाळ आमच्याकडे येतं. संशोधनात 'आईचं वय' हा रकाना मी भरते, पण त्यावर कसलाही निष्कर्ष काढत नाही. कायदा योग्य आहे. त्याने रकाना मात्र खोटा झाला. दोन्ही एकदम खरं आहे आणि यातून मला मार्ग सापडलेला नाही. मी फॉर्म भरते, पोलीस चौकीला फोन करते, आणि त्या मुलीच्या खाटेशी जाऊन तिला सांगते की मी फोन केलाय. मागून कळण्यापेक्षा समोरून कळलेलं बरं.

दुसरा कागद बालकल्याण समितीचा, मागच्या आठवड्यात सोडून दिलेल्या बाळाचा. वजन वाढतंय, कावीळ उतरली, दत्तक संस्थेकडे देण्याइतकं ते ठीक आहे असा दाखला. सिस्टरांनी त्याचं नाव ठेवलंय. ते दाखल्यावर लिहायचं नसतं.

भाजी गार झाली.

तीन

जीप राजूर घाट उतरते. हिरवा घाट, वळणावर माकडं. वीस मिनिटांत हवा बदलते, कानांचे दडे सुटतात. तीन आठवड्यांपूर्वी मोताळ्याकडच्या एका गावात एकोणीस दिवसांचं बाळ घरीच गेलं. त्याची विचारपूस करायची आहे. सरकारी भाषेत बालमृत्यू अन्वेषण. सोबत तालुक्याचे डॉक्टर, आशाताई आणि माझी वही.

या वहीबद्दल सांगायला हवं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका आईवर मी ओरडले होते, "इतका उशीर का केलात?" ती गप्प राहिली. बाळ रात्री गेलं. पंधरा दिवसांनी त्या गावची आशा भेटली तेव्हा कळलं की नाल्याला पूर होता आणि ती बाई बाळाला डोक्यावर धरून पाण्यातून आली होती. त्या दिवसापासून 'का' हा शब्द मी आयांसमोर वापरत नाही. 'का' म्हटलं की माणूस सफाई देतो किंवा गप्प होतो. 'कधी' म्हटलं की आठवतो.

वही उलटी भरायची. पानाच्या वर शेवटची वेळ, म्हणजे आमच्या दारात आले ती, किंवा श्वास थांबला ती. तिच्याखाली त्याआधीची. मग त्याआधीची. बाळ दूध ओढत होतं त्या शेवटच्या वेळेपर्यंत पोचलं की पान संपलं.

अडचण अशी की घड्याळ कुणी बघितलेलं नसतं. त्यावर गावातलं घड्याळ वापरायचं. ढोरं घरी आली होती? दिवे लागले होते? मालिका चालू होती की संपली होती? लाइट कधी गेली? दूधवाला येऊन गेला होता? पहिली एसटी सुटली होती? एकेका खुणेला खुंटा ठोकत गेलं की रात्र उभी राहते. मुक्कामी एसटी सुटण्याची वेळ आगारात मिळते, लाइट गेल्याची वीज उपकेंद्रात. आठवण आणि नोंद जुळली की मी त्या ओळीखाली रेघ मारते.

घर दोन खोल्यांचं. आई आत, भिंतीकडे तोंड करून. आजी बोलते. मी विचारत जाते, ती मागे मागे जाते. कोंबड्याच्या आधी गेलं. त्याआधी? हातपाय गार पडले तेव्हा कोंड्याचा शेक दिला. त्याआधी? भगताकडून अंगारा आणला, धाकटा दीर सायकलवर गेला होता. त्याआधी? हिंग उगाळून पोटाला लावलं. त्याआधी मीठ-मोहरी ओवाळली. त्याआधी घुटीचे दोन वळसे दिले, पोट दुखत असेल म्हणून. त्याआधी? ढोरं आली तेव्हा पाजायला घेतलं तर तोंड लावलं आणि सोडलं.

ढोरं साडेपाचला येतात. कोंबडा साडेचारला. अकरा तास.

बाप सुरतेला. फोनात पैसे होते, पण त्याने उचलला नाही, रात्रपाळी होती. सरपंचाची गाडी मागायला संकोच, मागच्या खेपेचे डिझेलचे पैसे राहिले होते. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच वाक्य: सकाळ होऊ दे, मग नेऊ.

मी वही मिटताना आजी म्हणाली, "तुमी म्हनसान झोपून राह्यलो. रातभर जागेच होतो व बाई. कोनाच्या डोयाले डोया लागला नाई."

आमच्या अहवालात अशा मृत्यूपुढे एक शब्द छापील असतो, 'कुटुंबाकडून दिरंगाई'. त्या रकान्यात खूण करायला माझा हात धजावला नाही. अकरा तासांत या माणसांनी एकामागून एक गोष्टी केल्या, प्रत्येक धावत. राहिलेली एक गोष्ट, तीन आकड्यांचा फोन, कुणाला आठवली नाही किंवा आपल्यासाठी आहे असं वाटलं नाही. चौदाव्या दिवसाची आशाची भेट झाली होती, तेव्हा बाळ छान होतं. पुढची एकविसाव्या दिवशी होती. ते एकोणिसाव्याला गेलं.

येताना घाटात कुणीच बोललं नाही.

सात

संध्याकाळचा राऊंड. सकाळचं गार बाळ ३६.७ वर आलंय आणि आईच्या छातीशी, उघड्या त्वचेला त्वचा लावून, लुगड्याच्या पट्ट्याने बांधलेलं आहे. कांगारू मदर केअर. १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून सुरू झालेला उपाय. आता तो गरिबांचा जुगाड राहिलेला नाही. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर असं छातीशी ठेवलं तर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू चतुर्थांशाने घटले.

आईला आता बोलता येतंय. उलटं पान भरतं. पाच वीसला पोचले. साडेतीनला गाडी निघाली. दोनला आशाताई. त्याआधी दहाला पाजलं, प्यालं नाही. त्याआधी चारला थोडं ओढलं. त्याआधी दुपारी घरी आल्याची आंघोळ, भरपूर पाण्याने, दारं उघडी. म्हणजे 'कालपासून' मधले तास निघाले तेरा.

आशाताईला मी घरी जा म्हटलं. ती म्हणाली, उद्या सातव्या दिवसाची एक भेट आहे, जावंच लागेल. या भेटी गडचिरोलीतूनच आल्या. बंग यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन नवजात मृत्यू बासष्ट टक्क्यांनी कमी करून दाखवले, तो लेख १९९९ चा. देशभर आशांच्या भेटी सुरू झाल्या २०११ मध्ये. मधली बारा वर्षं हा कागदाचा प्रवास होता.

साडेनऊ

जेवण झालं. मुलीचा अभ्यास नवऱ्याने घेतला. मी टेबलाशी.

मी संशोधक आहे असं म्हणायला मला अजून लाज वाटते. एमडीचा प्रबंध मी पास होण्यासाठी लिहिला. या वहीतून नीतिसमितीची परवानगी वगैरे रीतसर घेऊन एक लेख केला आणि एका नियतकालिकाकडे पाठवला, तो परत आला. नमुना लहान आहे, आणि वेळा 'आठवणीवर आधारित' आहेत. दोन्ही आक्षेप खरे. पण एसटीच्या वेळापत्रकाशी जुळवलेल्या आठवणी, हे त्यांनी वाचलं असतं तर बरं वाटलं असतं.

अशा वेळी मी डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा विचार करते. आमच्या सीमेला लागून असलेल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावलेली माणसं डोळ्यांदेखत मरताना त्यांनी खाटेशी बसून तासातासाने नोंदी केल्या. घाम कधी सुटला, नाडी कधी बदलली, फुप्फुसात पाणी कधी झालं. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांचं म्हणणं छापलं आणि त्या नोंदींमधूनच पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपचार आला. प्रयोगशाळा नव्हती. खाट होती, घड्याळ होतं, वही होती.

माझं घड्याळ मी खाटेपासून मागे, गावाकडे फिरवते, एवढाच फरक. आजच्या दोन पानांवरून मला एकच गोष्ट पुढच्या बैठकीत मांडायची आहे. चौदाव्या आणि एकविसाव्या दिवसाच्या मध्ये, ज्या घरात बाप गावात नाही तिथे आशाताईने नुसता एक फोन करावा. "दूध ओढतंय ना?" एवढंच. खर्च काही नाही. होईल की नाही, माहीत नाही.

दोन दहा

पुन्हा फोन. पुन्हा चप्पल.

सात वर्षांचा मुलगा, घाटावरच्याच एका खेड्यातला. जमिनीवर झोपला होता. साडेबाराला पोट दुखतं म्हणून उठला, उलटी केली. चावल्याची खूण कुठेच नाही. बापाला वाटलं, संध्याकाळच्या कचोरीने बाधलं. पण आईला दिसलं की पोराच्या पापण्या वर उचलत नाहीत आणि बोलणं जड झालंय. मण्यार. तिचा दंश दुखत नाही, सूज नाही, रक्त नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस मध्यरात्री पोटदुखीने उठलं तर आधी तिचीच शंका घ्यायची.

प्रतिविषाच्या दहा कुप्या. मुलाला कमी द्यायच्या नसतात, साप विष वय बघून सोडत नाही. तीनच्या सुमारास श्वास उथळ झाला, नळी घातली, यंत्रावर घेतलं. पाच वाजता मी त्याच्या तळहातात बोट ठेवून म्हटलं, दाब. पापण्या बंदच आहेत. अंगठा हलला.

वहीत त्याचं पान तीन ओळींचं झालं. दोन दहाला पोचले. एकला निघाले. साडेबाराला उठला.

तुमच्या घरात, किंवा शेजारी, दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि ते दूध ओढेनासं झालं, पोट आणि तळपाय गार लागले, किंवा श्वासागणिक छाती आत जाऊ लागली, तर आधी घड्याळ बघा, किती वाजले ते कार्डाच्या मागे लिहा, आणि १०८ ला फोन लावा. सकाळ होऊ देऊ नका. आम्हीही रात्री जागेच असतो.